जीन संपतो तिथं काय होतं

मायक्रोबायॉलॉजीचं कुठलंही पुस्तक उघडा, ट्रान्स्क्रिप्शन (म्हणजे जीनवरून आरएनएची कॉपी काढणं) सुरू कसं होतं यावर पानंच्या पानं असतात. प्रोमोटर, सिग्मा फॅक्टर, टाटा बॉक्स, कोण आधी येऊन बसतं, कोण कुणाला बोलावतं, सगळं चित्रं काढून. आणि संपतं कसं, तर त्याला शेवटी एक परिच्छेद, तोही परीक्षेला लहान प्रश्न येईल एवढाच. मी सांगलीत बीएस्सीच्या मुलांना हा विषय बरीच वर्षं शिकवते आणि त्या परिच्छेदापाशी आलं की मला वाईट वाटतं, कारण आरएनए व्हायरसच्या बाबतीत तरी खरा हिशेब तिथंच होतो. कुठला जीन किती प्रमाणात बनणार, कुठला कमी, कुठला जवळपास नाहीच, हे सगळं जीन संपायच्या जागी ठरतं. सुरुवातीला नाही.

आधी आपल्या पेशीत काय होतं ते पटकन बघू. डीएनएवरून आरएनएची कॉपी काढणारा पॉलिमरेज जीनच्या शेवटाकडे आला की नव्या आरएनएमधे एएयूएएए अशी ६ अक्षरं येतात (आरएनए ए, यू, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो), त्यांच्या पुढं १० ते ३० अक्षरांवर दुसरीच प्रथिनं येऊन तो आरएनए कापतात आणि कापलेल्या टोकाला तिसरंच एन्झाइम ए-ए-ए-ए अशी लांब शेपटी लावतं. बॅक्टेरियात ऱ्हो नावाचं प्रथिन असतं, जेफ्री रॉबर्ट्सनी १९६९ मधे शोधलेलं, ते आरएनए धरून पॉलिमरेजच्या मागं मागं जातं आणि त्याला डीएनएवरून सोडवतं. म्हणजे दोन्हीकडे थांबवायला बाहेरची माणसं हाताशी आहेत. व्हायरसकडे कोण आहे? जेमतेम ५ जीन, त्यातली निम्मी प्रथिनं स्वतःचं कवच बनवण्यात खर्च.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच घेऊ, चांदीपुरा. १९६५ मधे नागपूर भागात तापाची साथ होती, डेंगी-चिकुनगुन्याची, त्यातल्या दोन पेशंटच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस संस्थेला (आताची एनआयव्ही, तेव्हा नाव वेगळं होतं) एक निराळाच व्हायरस सापडला आणि चांदीपुरा या गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. वाळूमाशी चावून पसरतो. २००३ मधे आंध्र आणि महाराष्ट्रात त्यानं लहान मुलांचे जीव घेतले, २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमधे परत तेच, ताप येतो, झटके येतात आणि काही मुलं एक-दोन दिवसांत जातात. या व्हायरसच्या कुळातला सगळ्यात जास्त अभ्यास झालेला भाऊबंद म्हणजे व्हीएसव्ही, अमेरिकेकडच्या गुराढोरांच्या तोंडात फोड आणणारा. दोघांचेही ५ जीन तेच आणि क्रमही तोच, एन, पी, एम, जी, एल. व्हीएसव्हीचा अख्खा जीनोम ११,१६१ अक्षरांचा. रेबीजसुद्धा याच घराण्यातला, क्रम तोच.

या मंडळींचा आरएनए उलटा असतो, म्हणजे आपला रायबोसोम, आरएनए वाचून प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, तो थेट वाचूच शकत नाही, आधी त्याची सुलटी कॉपी काढावी लागते आणि आरएनएवरून आरएनए काढणारं यंत्र आपल्या पेशीत त्यांच्या कामाचं नाहीच. म्हणून व्हायरस आपला पॉलिमरेज बरोबर घेऊनच आत शिरतो. १९७० मधे डेव्हिड बाल्टिमोर, अ‍ॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी व्हीएसव्हीच्या कणातच हा पॉलिमरेज दाखवून दिला. बाल्टिमोरना पुढं १९७५ चं नोबेल मिळालं ते दुसऱ्या शोधासाठी, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजसाठी, त्यामुळं ही व्हीएसव्हीची गोष्ट मागं पडते, पण माझ्या मते ती तेवढीच मोठी आहे.

आता मुद्द्यावर येते. पाच जीन एका ओळीत आहेत पण पॉलिमरेजला चढायला जागा एकच, थ्री प्राइम टोक, म्हणजे एन जीनच्या बाजूचं. मधेच जी जीनवर किंवा एल जीनवर थेट जाऊन बसता येत नाही. टोकाला बसायचं, आधी एक छोटा लीडर आरएनए, मग एन जीन वाचायचा, तो संपवायचा, तो आरएनए सोडून द्यायचा, पण टेम्प्लेट, म्हणजे ज्यावरून कॉपी काढतोय तो मूळ आरएनए, सोडायचा नाही, तसंच पुढं सरकून पी जीन नव्यानं सुरू करायचा. प्रत्येक जीनच्या शेवटी जीनोमवर ११ अक्षरं लिहिलेली आहेत, ए-यू-ए-सी आणि त्यापुढं सलग ७ यू. त्यानंतर दोन अक्षरं अशी आहेत की ज्यांची कॉपीच होत नाही, आणि लगेच पुढच्या जीनची सुरुवात. एवढंच. कापणारं कुणी नाही, शेपटी लावणारं वेगळं एन्झाइम नाही, पॉलिमरेजला सोडवणारं कुणी नाही.

मग थांबतो कसा? तर त्या ७ यूंवर पॉलिमरेज अडखळतो. यूच्या समोर ए बसतो आणि ए-यूची जोडी कच्ची, दोनच हायड्रोजन बाँड. सात वेळा ए लिहून झालं की नवीन आरएनए टेम्प्लेटवरून जरासा मागं घसरतो, ए परत यूसमोरच येतो म्हणून जोडी काही मोडत नाही, आणि पॉलिमरेजपुढं परत तेच यू. परत ए लिहायचं, परत घसरायचं. असं करत करत शंभर-दोनशे एची शेपटी तयार होते, जी आपल्या पेशीत वेगळ्या यंत्रणेला लावावी लागते ती इथं अडखळण्यातूनच होते. मग तो आरएनए सुटतो, रायबोसोमला तो अगदी घरचाच वाटतो कारण दुसऱ्या टोकाला कॅपसुद्धा, पेशीच्या आरएनएला असते तशी टोपी, याच पॉलिमरेजनं, म्हणजे एल प्रथिनानं लावलेली असते.

आणि हे किती काटेकोर आहे बघा. १९९७ मधे जॉन बार, शॉन व्हीलन आणि गेल वर्ट्झ यांनी त्या सात यूंतला एक काढून टाकला, सहाच ठेवले. पॉलिमरेज थांबेना. शेपटीही नाही, थांबणंही नाही, सरळ पुढचा जीन त्याच आरएनएला जोडून लिहीत सुटला. यूच्या आधीचा सी बदलला तरी तसंच. तो सी पक्क्या जोडीचा, सी-जी. पक्की जोडी आणि लगेच पुढं सात कच्च्या जोड्या, हा जो बदल आहे तोच थांबायची खूण आहे असं म्हणायला हरकत नाही. मी हे वर्गात फळ्यावर लिहून मुलांना एकेक अक्षर पुसायला लावते, कारण ११ अक्षरांत एवढं सगळं बसू शकतं हे नुसतं ऐकून पटत नाही.

पण पॉलिमरेज एकाच टोकाला चढतो हे कळलं कसं, तो प्रयोग मला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते. १९७६ मधे दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो केला, एकात कलकत्ता विद्यापीठातून शिकून अमेरिकेत गेलेले अमिय बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी अब्राहम, दुसऱ्यात बॉल आणि व्हाइट. त्यांनी व्हायरसवर अल्ट्राव्हायोलेट किरण सोडले. या किरणांनी आरएनएवर कुठंतरी इजा होते आणि पॉलिमरेज त्या इजेपाशी अडकतो. आता प्रत्येक जीनला स्वतःची सुरुवात असती, तर लहान जीनला इजा व्हायची शक्यता कमी आणि मोठ्या जीनला जास्त, असा साधा हिशेब लागला असता. तसं झालं नाही. जी जीन स्वतः केवढा आहे याला महत्त्वच नव्हतं, त्याच्या आधीचे एन, पी, एम यांची लांबी धरून जेवढं अंतर होईल तेवढ्या प्रमाणात जी बंद पडत होता. म्हणजे आधीच्या कुठल्याही जीनवर इजा झाली तरी पुढचे सगळे गेले. ना मायक्रोस्कोप, ना सीक्वेन्सिंग, नुसता दिवा आणि मोजमाप, आणि त्यातून जीनचा क्रम आणि वाचनाची दिशा दोन्ही हातात. असं काम बघितलं की मला खरंच भरून येतं.

१९८१ मधे इव्हरसन आणि रोझ यांनी घड्याळ लावून मोजलं. पॉलिमरेज सेकंदाला साधारण ३-४ अक्षरं वाचतो, म्हणजे एन जीनची १३०० च्या आसपास अक्षरं वाचायला ६ मिनिटं. आणि दोन जीनच्या मधल्या त्या एवढ्याशा जागेत तो किती वेळ काढतो? अडीच ते पावणेसहा मिनिटं! अख्खा जीन वाचायला लागतो जवळपास तेवढा वेळ नुसता संपवण्यात आणि परत सुरू करण्यात. आणि त्याच कामात दुसरी गोष्ट कळली, ती सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक थांब्यावर साधारण ३० टक्के पॉलिमरेज पुढं जातच नाहीत.

हे समजायला सांगली जिल्ह्यातल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. म्हैसाळच्या, टेंभूच्या, ताकारीच्या कॅनॉलला पाणी सुटतं तेव्हा हेडच्या रानात पाट भरून वाहतो, पुढं प्रत्येक चारीला थोडं थोडं वळतं आणि टेलला आवर्तन संपत आलं तरी माती नुसती ओली होते. हेडला कुणी जास्त पाणी 'द्यायचं' ठरवलेलं नसतं, नुसती जागा तिथं आहे म्हणून मिळतं. इथंही तसंच, एनच्या १०० कॉप्या झाल्या तर पीच्या ७०, एमच्या ४९, जीच्या ३४ आणि एलच्या २४, निदान कागदावरचा हिशेब असा, प्रत्यक्षात एल याहूनही कमी निघतो.

आणि गरजही नेमकी तशीच आहे. एन हे प्रथिन आरएनएला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गुंडाळून ठेवतं, एका व्हीएसव्हीच्या कणात ते १२०० च्या वर लागतं. एल म्हणजे खुद्द पॉलिमरेज, अवाढव्य, २१०९ अमिनो अ‍ॅसिडचं, पण कणात लागतं ५० च्या आसपास. ज्याची गरज जास्त तो हेडला, ज्याची कमी तो टेलला. कुठलाही स्विच नाही, कुठलं रेग्युलेटर प्रथिन नाही, नुसती जीनची ओळ आणि त्यांच्यामधले गळके थांबे. गेल वर्ट्झ आणि बॉल (तेच १९७६ चे बॉल) यांनी १९९८ मधे एन जीन उचलून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जागेवर ठेवून बघितला. जीनचं एक अक्षर न बदलता, नुसती जागा बदलून, व्हायरस पायरीपायरीनं दुबळा होत गेला, उंदरांना मारेनासा झाला, पण त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती मात्र तयार करत राहिला. लस कशी करावी याचा एक मार्गच त्यातून दिसला.

थांब्यावरचं अडखळणं एवढ्यावर संपत नाही. गोवराचा व्हायरस याच पद्धतीचा, १५,८९४ अक्षरांचा, सहा जीन. त्याच्या पी जीनच्या मधोमध एक जागा अशी आहे की तिथंही पॉलिमरेज घसरतो, पण शेकडो वेळा नाही, एकदाच, आणि एक जास्तीचा जी लिहून पुढं निघून जातो. एक अक्षर वाढलं की त्यापुढची तीन-तीन अक्षरांची सगळी वाटणी सरकते आणि त्याच जीनमधून व्ही नावाचं निराळंच प्रथिन निघतं, जे आपल्या पेशीची इंटरफेरॉनची, म्हणजे व्हायरस आल्याची, हाकाटी दाबून टाकतं. म्हणजे जी युक्ती जीन संपवायला वापरली तीच मधे, मोजून, दुसरं प्रथिन काढायला. इबोलाही जीपी जीनमधे असंच करतो, तिथं ७ यू आहेत, आणि बहुतेक वेळा पॉलिमरेज सरळ जातो तेव्हा रक्तात सोडायचं छोटं प्रथिन बनतं, एखादा ए जास्त पडला की पृष्ठभागावरचं मोठं. मुलं विचारतात की मग पॉलिमरेजला कसं कळतं एकदाच घसरायचं का दोनशे वेळा, तर ते आजूबाजूची अक्षरं ठरवतात, यूंच्या आधी काय आहे, सलग किती आहेत, पुढं काय आहे.

आता लहान बाळांना छातीत घरघर करून बेजार करणारा आरएसव्ही नावाचा व्हायरस घ्या. त्याचे जीन १०, आणि त्याच्या दोन शेवटच्या जीनचं मला कितीही वेळा वाचलं तरी नवल वाटतं. एल जीनची सुरुवात आधीच्या एम-टू जीनच्या शेवटाच्या ६८ अक्षरं आधीच आहे! म्हणजे पॉलिमरेजनं एम-टू संपवायचा आणि मग मागं सरकून एल सुरू करायचा. बरं, एल सुरू केल्यावर वाटेत परत तोच एम-टूचा थांबा लागतो, तिथं बहुतेक जण थांबतात आणि चिमुकला निरुपयोगी आरएनए टाकून देतात, थोडेच पार होतात. पॉलिमरेज कमी बनवायचा हा मार्ग फारच आडवळणी आहे, पण चालतो. याच व्हायरसकडे एम-टू-वन नावाचं प्रथिन आहे ज्याचं कामच उलटं, पॉलिमरेजला जीनच्या मधेच गळू न देणं. ते नसेल तर लांब जीन पूर्णच होत नाहीत.

इन्फ्लुएंझाचं निराळं. त्याचे ८ तुकडे वेगवेगळे, त्यामुळं ओळीनं थांबत जायचा प्रश्न नाही, प्रत्येक तुकड्याला एकदाच संपवायचं. तिथं पॉलिमरेज तुकड्याचं फाइव्ह प्राइम टोक घट्ट धरूनच ठेवतो आणि दुसऱ्या बाजूनं वाचत येतो. वाचत वाचत स्वतःच धरलेल्या टोकापाशी आला की दोरी संपते, पुढं ओढता येत नाही, आणि नेमकं तिथंच ५-७ यू आहेत. झालं, अडखळला, शेपटी तयार. दोन इतक्या वेगळ्या कुळांनी सलग यूंचाच वापर करावा हे मला योगायोग वाटत नाही, आरएनएच्या रसायनातच ती सोय आहे.

बुन्याव्हायरस नावाच्या आणखी एका कुळात तर निराळीच गोष्ट आहे. त्यातल्या ला क्रॉस नावाच्या व्हायरसवर १९८७ मधे बेलोक आणि कोलाकोफ्स्की यांनी दाखवलं की पेशीतलं प्रथिन बनवणं औषधानं बंद केलं तर व्हायरसचा पॉलिमरेजही अर्ध्या वाटेत थांबतो. का, तर नव्या आरएनएवर मागून रायबोसोम चालत असतात तोपर्यंत तो मोकळा राहतो, रायबोसोम नसले की त्याच्या टेम्प्लेटशीच परत जोड्या जमतात आणि पॉलिमरेज अकाली थांबतो. थांबू नये म्हणूनसुद्धा मागून कुणीतरी चालत राहावं लागतं, आणि तेही यजमान पेशीचंच.

याच घराण्यातला टॉस्पो आपल्या टोमॅटोवर येतो. माझ्या मामाचं रान वाळव्याकडं, दरवर्षी टोमॅटो असतो, आणि ज्या वर्षी फुलकिडे वाढतात त्या वर्षी शेंडे काळे पडून झाडं बसतात, फळांवर गोल गोल वळ्या उमटतात आणि व्यापारी माल बघूनच मागं फिरतो. तो मला दरवेळी विचारतो की एवढी शिकलीस, यावर काही फवारायचं आहे का सांग. नाही मामा, व्हायरसवर फवारणी नाही, फुलकिडा आवरायचा आणि रोगट रोप दिसलं की उपटून प्लॉटबाहेर न्यायचं. या टॉस्पोच्या एका आरएनए तुकड्यावर दोन जीन समोरासमोर तोंड करून असतात, एक इकडून वाचायचा आणि एक तिकडून, आणि मधे ए आणि यूंनी भरलेला एक भाग, जो स्वतःवरच दुमडून पीळ घालतो. दोन्हीकडून येणारे आरएनए त्या पिळाच्या भागात येऊन संपतात. शेपटी नाहीच. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हंजे बांधावर थांबत्यात व्हय दोघं.

कोरोनाचं मी इथं जास्त लिहीत नाही, कारण तो सुलट्या आरएनएचा, त्याचा मामलाच वेगळा. मार्च २०२० मधे आपलं इस्लामपूर बंद झालं तेव्हापासून प्रत्येकाच्या तोंडी आरटीपीसीआर आणि एन जीन होता. एवढंच सांगते की त्याचा पॉलिमरेज उलटी कॉपी काढताना ठरावीक खुणांपाशी थांबतो आणि तिथून उडी मारून थेट दुसऱ्या टोकाच्या लीडरवर जातो, त्यामुळं ३०,००० अक्षरांच्या जीनोममधून लहान-मोठे आरएनए तयार होतात. तिथंही कुठं थांबलं यावरच कुठलं प्रथिन किती हे ठरतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आमच्या वर्गात जत तालुक्यातली एक मुलगी आहे, घरचे हंगामाला ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, टोळीबरोबर, जिथं मुकादम नेईल तिथं. तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव मुद्दाम देत नाही. तिचा धाकटा भाऊ चौथीत होता. अभ्यासात बरा. अचानक मागं पडायला लागला, गुरुजींनी बोलावून सांगितलं की लक्ष देत नाही. मग हातातली वाटी पडायला लागली, चालता चालता अंगाला हिसका बसून खाली बसायचा. आधी घरात वाटलं मस्ती करतोय, मग वाटलं बाहेरचं काही आहे. शेवटी मिरजेला आणलं. ईईजी झाला, पाठीतलं पाणी तपासलं, त्यात गोवराच्या अँटिबॉडी भरमसाट. एसएसपीई, मेंदू हळूहळू निकामी करणारा आजार. ती मुलगी रिपोर्टचा फोटो घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅडम, यात गोवर लिहिलंय, पण गोवर तर त्याला आठ महिन्यांचा असताना फडावर, कोपीत झाला होता, आई सांगती लिंबाचा पाला ठेवला होता, आठवड्यात बरा झाला, मग इतकी वर्षं तो होता कुठं?

मेंदूत होता. एसएसपीईमधे गोवराचा व्हायरस मज्जापेशींमधे राहतो, बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत, आणि साधारण ६ ते १० वर्षांनी दिसायला लागतो. तो कण बनवून बाहेर पडत नाही, पेशीतून शेजारच्या पेशीत आतल्या आत सरकतो, म्हणून एवढ्या अँटिबॉडी असून त्याचं काही करू शकत नाहीत. आणि तो असा का वागतो याचं उत्तर शोधायला झुरिचमधे रॉबर्टो कॅटॅनिओ, मार्टिन बिलेटर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात मेलेल्या रुग्णांच्या मेंदूतले व्हायरस आरएनए वाचत बसले होते. त्यांना दिसलं की पहिल्या आणि शेवटच्या जीनमधला उतार मेंदूत नेहमीपेक्षा फार तीव्र आहे, पुढच्या जीनच्या कॉप्या अगदीच थोड्या. आणि काही रुग्णांत पी आणि एम या दोन जीनमधला थांबा पाळलाच जात नाही. पॉलिमरेज पी संपवायच्या जागी न थांबता एम त्यालाच जोडून लिहितो, एक लांबलचक आरएनए. आपला रायबोसोम अशा जोडआरएनएवर पहिलाच भाग वाचतो, दुसऱ्यापर्यंत सहसा जात नाही. म्हणजे एमचं सगळं लिखाण शाबूत असूनही एम प्रथिन बनत नाही. आणि एम हेच ते प्रथिन जे व्हायरसचा कण जुळवून पेशीबाहेर काढतं. त्यात भर म्हणजे एम जीनवर म्यूटेशनचा मारा, मेंदूतल्या गोवराच्या एका केसमधे तर एममधली जवळजवळ निम्मी यू अक्षरं सी झालेली निघाली.

सगळा आजार एका चुकलेल्या थांब्यामुळं होतो असं मी म्हणत नाही, एफ प्रथिनातले बदलही आहेत, त्यानं पेशी एकमेकींना जास्त सहज चिकटतात, आणि मुळात एवढ्या लहान वयातली प्रतिकारशक्ती कच्ची. पण ज्या परिच्छेदाला पुस्तकात जागा मिळत नाही तो एका पोराच्या मेंदूत काय करतो हे मला त्या रिपोर्टकडं बघताना जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं. पोरगं आता अंथरुणावर आहे. काही औषधं देऊन बघतात, थोड्यांचा आजार काही काळ वाढायचा थांबतो, पण बरा करणारा उपाय नाही, आणि तिला मी हे गोड करून सांगितलं नाही कारण ती मायक्रोबायॉलॉजीची विद्यार्थिनी आहे, तिनं सगळं वाचलेलंच होतं.

लोक लगेच आईबापाला बोल लावतात, लस दिली नाही म्हणून. आठ महिन्यांचं बाळ होतं ते! आपल्याकडं गोवराचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. त्याचं वयच झालं नव्हतं. त्याला वाचवायचं तर त्या कोपींतल्या मोठ्या पोरांचे डोस झालेले हवे होते, म्हणजे गोवर त्याच्यापर्यंत आलाच नसता. आणि ती पोरं वर्षातले पाच-सहा महिने अशा ठिकाणी असतात की गावाच्या यादीत नाव आहे पण पोरगं नाही, आणि फडावर पोरगं आहे पण यादीत नाव नाही. २०२२ मधे मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा साथीच्या भागात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही जास्तीचा डोस द्यायचं ठरलं, ते अगदी योग्य होतं. हंगामात उसाच्या पट्ट्यात हे इतकं काटेकोर व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, साखरेचा प्रत्येक पोता मोजला जातो, कोयत्याबरोबर आलेलं प्रत्येक पोरगंही मोजलं जावं.

त्या विद्यार्थिनीची आई मला भेटली तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, घरात अजून एक धाकटी आहे, तिला सुई दिली तर त्या सुईतनंच असलं काही व्हायचं नाही ना? मी सांगितलं की नाही, एसएसपीई झालेल्यांच्या मेंदूतून आजवर जे व्हायरस वाचले गेले ते सगळे साथीतल्या गोवराचे निघालेत, लशीतला कधी निघाला नाही, आणि जिथं लसीकरण वाढलं तिथं हा आजारच दिसेनासा झालाय. धाकटीचा पहिला डोस गावात झाला होता. दुसऱ्याची वेळ नेमकी हंगामात येत होती, तेव्हा ही माणसं कुठल्या फडावर असतील ते दसऱ्यानंतरच कळणार, म्हणून तिला एवढंच सांगितलं की कार्ड ट्रंकेत ठेवू नका, जवळ ठेवा, जिथं असाल तिथल्या उपकेंद्रात दाखवा, डोस तिथंही मिळतो आणि फुकट मिळतो, आणि कुणी नाही म्हणालं तर मला तिथूनच फोन लावा.